घोरणं मध्येच एकदम बंद पडतं आणि मग दचकून श्वास घेतात... बीपी, शुगर, रात्रीची लघवी या सगळ्याशी याचा संबंध असतो का?

जागी_रात्रभर:

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मिस्टर ४७ वर्षांचे. घोरणं लग्न झाल्यापासूनच आहे, त्याची मला सवय झाली होती, कानात कापूस घालून झोपायचे. पण गेलं वर्षभर वेगळंच काहीतरी सुरू झालंय. जोरात घोरणं चालू असतं आणि मध्येच आवाज एकदम बंद. छाती-पोट हलताना दिसतं पण नाकाशी हात धरला तर वारा लागत नाही. मी अंधारात आकडे मोजत बसते, वीस, पंचवीस... एकदा मोबाईलवर वेळ लावली तर ३४ सेकंद भरले. मग घशात काहीतरी अडकल्यासारखा मोठा आवाज करून दचकतात, कूस बदलतात आणि परत घोरणं सुरू. सकाळी विचारलं तर काही म्हणजे काही आठवत नाही, वर मलाच ऐकवतात की तुझीच झोप सावध आहे, मी घोरतो म्हणजे गाढ झोपतो.

आता बाकीचं सांगते. बीपीच्या दोन गोळ्या होत्या, गेल्या महिन्यात तिसरी लागली. शुगर काठावर आहे. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतात, त्यासाठी प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली, नॉर्मल आली. सकाळी डोकं जड. चिडचिड इतकी की मुलं त्यांच्याशी बोलायचं टाळतात. आणि बसल्या जागी झोप लागते, टीव्हीसमोर तर लागतेच पण परवा सिग्नलला गाडी थांबली होती तेवढ्यात डोळा लागला, मागच्याने हॉर्न मारला तेव्हा जागे झाले. मी शेजारी होते म्हणून कळलं, एकटे असताना काय होतं देव जाणे.

बीपीला एक डॉक्टर, शुगरला दुसरे, लघवीला तिसरे. प्रत्येकाने आपापलं बघितलं. रात्री झोप कशी लागते हे एकानेही विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. सासरेही असेच घोरायचे, ५८व्या वर्षी झोपेतच गेले. सगळे म्हणाले पुण्यवान, त्रास नाही झाला. मला आता ते वाक्य आठवलं की झोप येत नाही.

हे सगळं एकाच गोष्टीमुळे असू शकतं का, की मी उगाच जुळवतेय? आणि यांना तपासणीला न्यायचं कसं?


रातपाळी_११:

ताई, उगाच जुळवत नाही आहात. मी डॉक्टर नाही, झोपेच्या तपासणीच्या लॅबमधे टेक्निशियन आहे, अकरा वर्षं लोकांना झोपलेलं बघायचा पगार घेतोय. तुम्ही जे वर्णन केलंय ते आम्ही स्क्रीनवर रोज बघतो. छाती हलतेय पण नाकाशी वारा नाही, ही फार महत्त्वाची गोष्ट तुम्ही टिपलीत. म्हणजे मेंदू श्वास घ्यायचा हुकूम देतोय, छाती जोर लावतेय, पण घशाचं दार बंद आहे. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. (दुसरा एक प्रकार असतो, सेंट्रल, त्यात मेंदूकडून हुकूमच येत नाही, छाती पण स्वस्थ पडून असते, तो हार्ट फेल्युअरच्या किंवा अफूसारखी वेदनाशामकं चालू असलेल्या पेशंटमधे जास्त दिसतो. निदान तपासणीतूनच होईल, पण तुमच्या वर्णनावरून तो वाटत नाही.)

होतं काय की जिभेच्या मागचा घसा ही मऊ नळी आहे, तिला हाडाचा आधार नाही, स्नायूंनी ती उघडी धरलेली असते. झोपेत स्नायू सैलावतात. नळी थोडी अरुंद झाली की भिंती थरथरतात, ते घोरणं. पूर्ण मिटली की शांतता. म्हणजे जी शांतता ऐकून घरच्यांना हायसं वाटतं तीच खरी काळजीची. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला तर आम्ही तो एक झटका मोजतो, अर्धवट बंद पडून ऑक्सिजन खाली आला तर तोही मोजतो, आणि तासाला सरासरी किती झाले तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसात ५ च्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्याच्यावर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटाला एकदा गळा आवळल्यासारखं झालं, हे लक्षात घ्या. आणि प्रत्येक वेळी मेंदू माणसाला काही सेकंद अर्धवट जागं करतो तेव्हा घसा उघडतो. इतकी छोटी जाग सकाळी आठवत नाही, म्हणून ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच वाटतं आपण गाढ झोपलो.

आता तुमची यादी घेऊ.

बीपी: प्रत्येक वेळी श्वास सुटताना ॲड्रेनलीनचा फवारा उडतो, नाडी आणि बीपी एकदम वर. एरवी झोपेत बीपी दिवसापेक्षा १० ते २० टक्के खाली यायला हवं, हृदयाची तीच विश्रांती. यांच्यात ती मिळतच नाही, आणि रात्रभर ताणलेलं राहायची सवय दिवसाही सुटत नाही. तीन गोळ्या चालू असूनही बीपी आटोक्यात येत नसेल तर झोपेची तपासणी करा असं आता डॉक्टर स्वतःच सांगतात.

लघवीचं ऐकून तर लोकांना विश्वासच बसत नाही. तोंडाला ग्लास लावून आतली हवा ओढा, ग्लास ओठांना कसा चिकटतो? तशी ओढ छातीच्या आत तयार होते, कारण दार बंद आणि भाता चालू. त्या ओढीने हृदयाच्या कप्प्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त येतं, कप्पा ताणला जातो आणि हृदयाचा समज होतो की अंगात पाणी फार झालंय. मग ते एक हार्मोन सोडतं, किडनीला निरोप जातो पाणी काढून टाक. प्रोस्टेट बिचारं उगाच बदनाम होतं. (होतं म्हणजे नेहमीच नाही, ती तपासणी केलीत ते बरोबरच केलंत.)

डोकं जड होतं कारण रात्री कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात. शुगरचं असं की वारंवार ऑक्सिजन खाली जाणं, वर ताणाचे हार्मोन्स, यात इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही. इथे मात्र एकट्या झोपेला दोष देणार नाही, बऱ्याचदा वजनही असतं आणि दोन्ही एकमेकांना वाढवतात, न झोपलेल्या माणसाला भूक जास्त लागते आणि चालायची ताकद नसते. हृदयाचे ठोके अनियमित होणं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, आणि स्ट्रोक यांचाही या आजाराशी संबंध दिसलेला आहे. लैंगिक तक्रारी पण असतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

सासऱ्यांचं आज कोणीच सांगू शकणार नाही. पण जबड्याची ठेवण, घशाची रुंदी घराण्यात येते, त्यामुळे डॉक्टरांना हे जरूर सांगा.

आणि तपासणी होईपर्यंत गाडी त्यांना एकट्याने चालवू देऊ नका. बाकी सगळं चार आठवडे थांबेल, हे नाही थांबणार.


आता_झोपतो:

व्हिडिओ काढा.

एवढंच लिहिणार होतो पण लिहितोच आता. मी तुमच्या मिस्टरांच्या जागी होतो. सात वर्षं बायको सांगत होती आणि मी हसण्यावारी नेत होतो. शेवटी तिने मोबाईल उशाशी लावून दोन तास रेकॉर्ड केलं आणि भांडण न करता नुसतं ऐकवलं. स्वतःला गुदमरताना बघणं... हात थंड पडले माझे. दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

माझा एएचआय ४४ आला आणि सीपॅप मशीन लागलं. ते ऑक्सिजनचं मशीन नाही हां, सगळ्यांचा तोच गैरसमज असतो, साधीच हवा असते पण दाबाने आत सोडतात म्हणजे घसा मिटत नाही, हवेचा टेकू दिल्यासारखं. पहिला आठवडा भयंकर गेला. पहाटे उठलो तर मास्क पलंगाखाली, कधी काढून फेकला माहीत नाही. नाक कोरडं, डोळ्यात हवा जायची, पोटात हवा भरून ढेकर. दोन वेळा परत करायला निघालो होतो. मग कळलं की मास्कचा साइज चुकीचा होता. बदलून घेतला, ह्युमिडिफायर चालू केला (त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाच्या पाण्याने क्षार साचतात), झोप लागेपर्यंत दाब कमी ठेवायची सेटिंग असते ती लावली, आणि संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास नुसता मास्क लावून बसायचो, पोरं हत्ती म्हणायची. साधारण तीन आठवड्यांनी जमलं.

काय बदललं ते खरं खरं सांगतो. रात्रीची लघवी पहिल्या आठवड्यातच चारवरून एकवर आली, मला वाटलं काहीतरी बिघडलं. सकाळचं डोकं दुखणं गेलं. चिडचिड कमी झाली हे मला नाही, घरच्यांना आधी जाणवलं. बीपी मात्र थोडंच उतरलं, गोळ्या चालूच आहेत, आणि वजन आपोआप उतरेल असं वाटलं होतं ते एक किलोही उतरलं नाही, उलट पहिल्या वर्षी दोन किलो वाढलं. त्यामुळे मशीन म्हणजे जादू नाही. पण आता मशीनशिवाय प्रवासाला जात नाही.


शंकेखोर:

कोणाचा अनुभव खोटा म्हणत नाही पण दुसरी बाजू पण यायला हवी. सेव्ह नावाची मोठी ट्रायल झाली होती, २०१६ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे आली, आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २७१७ लोक, अर्ध्यांना सीपॅप, अर्ध्यांना नेहमीचेच उपचार. जवळपास पावणेचार वर्षांनी हार्ट अटॅक, स्ट्रोक, मृत्यू यात फरक पडला नाही. मग बीपी-हृदयाच्या नावाने घाबरवून मशीन गळ्यात मारायचं कशाला? वजन कमी करा म्हणावं.


रातपाळी_११:

@शंकेखोर ट्रायल बरोबर सांगितलीत, आमच्याकडे पण कोणी विचारलं तर ती लपवत नाही. पण तिच्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे मशीन दिलेल्या लोकांनी ते रात्री सरासरी ३.३ तासच लावलं. अर्धी रात्र छत्री मिटून चालल्यावर भिजणारच की. आणि श्वास जास्त करून पहाटेकडे, स्वप्नांच्या झोपेत अडकतो, तेव्हा स्नायू सगळ्यात सैल असतात, नेमका तोवर मास्क उतरलेला असतो. दुसरं असं की ज्यांना दिवसा अतिशय झोप यायची आणि ज्यांचा ऑक्सिजन फार खाली जायचा असे लोक त्या ट्रायलमधे घेतलेच नव्हते, कारण त्यांना उपचाराशिवाय ठेवणं बरोबर नाही. ताईंचे मिस्टर सिग्नलला झोपतात, ते त्या ट्रायलमधे बसलेच नसते. आणि त्याच ट्रायलमधे दिवसाची पेंग, मनःस्थिती, कामावरच्या दांड्या यात फायदा दिसला हेही लिहिलंय, तेवढं तुम्ही गाळलंत.

पण हृदयासाठी सीपॅप म्हणजे कवच असं कोणी विकत असेल तर तेही चूकच, तिथे मी तुमच्या बाजूने. बीपी सरासरी दोन-तीन पॉइंटच उतरतं.

वजनाचं म्हणाल तर हो, उतरलं तर झटके कमी होतात, काहींचे बंद पण होतात. लठ्ठपणासोबत मध्यम किंवा तीव्र ॲप्निया असलेल्यांसाठी टिरझेपाटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२४ मधे मान्यता दिली, या आजारासाठी मान्यता मिळालेलं ते पहिलंच औषध. पण वजन उतरायला महिने लागतात आणि श्वास आज रात्री अडकणार आहे.

जाता जाता, हे मशीन निघालं कसं ते मला फार आवडतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी ते काढलं, १९८१ मधे छापून आलं. त्याच्या आधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. पहिल्या पेशंटला तेच सांगितलेलं होतं आणि त्याला ते नको होतं. म्हणून मास्कने कुरकुरणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो, निम्मे गप्प होतात.


निजानीज:

सगळे घोरणाऱ्या जाड पुरुषांबद्दलच बोलताय म्हणून लिहितेय. मी ५३ वर्षांची, वजन ५४ किलो, घोरत नाही (म्हणजे हलकं, नवऱ्याला ऐकू न येण्याइतकं). पाळी गेल्यानंतर झोप मोडायला लागली, दिवसभर थकवा, कशात मन लागेना. थायरॉइड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं, मग डिप्रेशन म्हणून गोळ्या, त्यात एक झोपेची. झोपेच्या गोळीने तर सकाळी अजूनच मेल्यासारखं वाटायचं. दोन वर्षं अशी गेली. एका डॉक्टरीणबाईंनी जीभ बाहेर काढायला लावून घसा बघितला, मागे गेलेला छोटा जबडा बघितला आणि झोपेची तपासणी लिहून दिली. घरी करायची चाचणी केली ती जवळजवळ नॉर्मल आली! त्यांनी ऐकलं नाही, लॅबमधे रात्रभर झोपवलं, तिथे १९ आला आणि त्यातला बराचसा स्वप्नांच्या झोपेतला.

तेव्हा बायकांनो, नुसता थकवा आणि मोडकी झोप एवढंच लक्षण असू शकतं. मला मशीन नाही लागलं, दाताच्या डॉक्टरांनी खालचा जबडा पुढे धरणारा साचा बनवून दिला, रात्री तोच घालते. सुरवातीला सकाळी दाढा ठणकायच्या.


रातपाळी_११:

@निजानीज घरच्या चाचणीचं असं होतं कारण तिच्यात बहुतेक वेळा डोक्याला लावून मेंदूची हालचाल टिपणाऱ्या तारा नसतात, म्हणजे तुम्ही झोपलात किती हे तिला कळतच नाही. तुम्ही सात तासातले तीन तास टक्क जाग्या असाल तरी झटक्यांना सातनेच भागतात, आकडा छोटा येतो. चाचणी निगेटिव्ह आली पण लक्षणं बोलतायत तर लॅबमधे जायलाच हवं. आणि झोपेच्या काही गोळ्या, तसंच दारू, घसा अजून सैल करतात. दारू घेतल्यावर छान झोप लागते म्हणणाऱ्यांचे आलेख आमच्याकडे बघायला या एकदा.


चिमणीची_आई:

लहान मुलांबद्दल कोणीच बोललं नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा होता, तोंड उघडं टाकून झोपायचा, मान मागे टाकून, घामाने उशी ओली, आणि सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं होतं. पण दिवसा पेंगायचा नाही, उलट नुसता उधळलेला, शाळेतून रोज तक्रार. मला सगळे शिस्त लावा सांगत होते. निघाले टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असलेली गाठ) वाढलेले. मुलांमधे तासाला एकाच्या वर झटके असले तरी डॉक्टर लक्ष घालतात, मोठ्यांचे आकडे त्यांना लावायचे नाहीत. ऑपरेशन झालं, महिन्याभरात अंथरूण कोरडं. उधळेपणा थोडा अजून आहे, तो बहुतेक बापाचा आहे.


उताणा:

माझं सौम्य होतं, ९. फक्त पाठीवर झोपलो की व्हायचं (नाव बघा माझं). टीशर्टला मागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू, पाठीवर वळलो की टोचतो. फुकटात काम झालं. नाकाच्या पट्ट्या वगैरे आधी सगळं केलं, नाक मोकळं होतं, घसा नाही. डिजेरिडू नावाचं ऑस्ट्रेलियन वाद्य वाजवून पण घशाचे स्नायू बळकट होतात असा अभ्यास आहे, २००६ ला बीएमजेमधे आलेला, चार महिने वाजवायला लावलं होतं लोकांना. मी बायकोला विचारलं, ती म्हणाली त्यापेक्षा घोर.


जागी_रात्रभर:

सगळ्यांचे खूप आभार, दीड महिन्याने लिहितेय.

व्हिडिओ काढला. दोन दिवस दाखवायचा धीर होत नव्हता. दाखवला तेव्हा काही बोलले नाहीत, परत सुरवातीपासून लावला, आणि विचारलं "दादा असेच करायचे का गं?" दादा म्हणजे सासरे. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन लावला.

लॅबमधेच तपासणी केली. एएचआय ५२. रक्तातला ऑक्सिजन सगळ्यात खाली ७१ टक्क्यांपर्यंत गेलेला. डॉक्टरांनी बीपीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिलीय. गाडी सध्या मी चालवते, ते शेजारी बसून ब्रेक मारतात. पुढच्या आठवड्यात मशीनचा दाब ठरवायला परत एक रात्र झोपायचंय.

दोन प्रश्न. यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय दोन महिन्यांनी, त्याला काही अडचण? आणि दुसरा म्हणजे यांची मिशी भरघोस आहे, मास्क बसणार नाही म्हणून कोणीतरी सांगितलंय, आणि हे मिशी काढायला तयार नाहीत. बाकी सगळ्याला तयार आहेत.


रातपाळी_११:

हर्नियाचं आधी. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आत्ताच कळवा, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नाही. भुलीने आणि नंतरच्या वेदनाशामकांनी घसा सैलावतो, श्वास मंदावतो, त्यामुळे ते औषधं त्या हिशोबाने निवडतील आणि नंतर जास्त वेळ नजरेखाली ठेवतील. रिपोर्टची प्रत द्या, आणि मशीन आलेलं असेल तर ते मास्कसकट हॉस्पिटलला घेऊन जा. दोन महिने आहेत, तोवर मास्कची सवय झालेली असेल तर उत्तमच.

मिशी राहू द्या. तोंड-नाक झाकणारा मोठा मास्क मिशीवरून गळतो हे खरं, पण नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशा मिळतात, त्या मिशीच्या वर राहतात. दाब ठरवायच्या रात्री तिथल्या टेक्निशियनला आधीच सांगा म्हणजे तो तशा दोन-तीन साइजच्या काढून ठेवेल. फक्त तोंड उघडं टाकून झोपत असतील तर हवा तिकडून निसटते, मग हनुवटीचा पट्टा लागेल.


आता_झोपतो:

पट्टा मिशीवर नाही येत, मी वापरतो. कळवा काय झालं ते.